पेन्सिल उडाली, सुभ्या

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय सुभ्या,

सप्रेम नमस्कार.

तू घ्यायचं म्हणतोस ते जुनं पिस्तूल बघायला तुझ्या सांगण्यावरून काल कॅम्पातल्या बंदुकांच्या दुकानात जाऊन आलो. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं ऐकून तू "मग घेऊनच टाकतो" म्हणाला असतास, म्हणून कागदावर उतरवतोय. सावकाश वाच आणि वाचून झाल्यावर वहिनींनाही दे. पत्र उशीखाली दडवू नकोस, त्या मला फोन करून विचारणारच आहेत.

आधी कौतुक करून घेतो, कारण वस्तू खरोखर देखणी आहे. मालक आजोबा ऐंशी पार केलेले, मुलं दोन्ही परदेशात. गेली काही वर्षं त्यांनी पिस्तूल त्या दुकानदाराकडेच जमा ठेवलंय. दुकानदाराने कपाटातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काढलं आणि काउंटरवरच्या हिरव्या बनातीवर ठेवलं. वाल्थर पीपी, .३२ बोअर. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, झेला-मेलिस या जर्मन गावाचं नाव कोरलेलं आणि जवळच मुकुटाखाली एन अक्षर असलेला चाचणीचा ठसा. ठशावरून माल दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, फार तर अगदी सुरुवातीचा. हे मॉडेल बाजारात आलं १९२९ मध्ये. तुझे-माझे वडील तेव्हा जन्मलेही नव्हते.

हातात घेतलं आणि पस्तीस वर्षं टूलरूममध्ये घालवलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. स्लाइड मागे ओढली तर कुठे खरखर नाही, डगडग नाही. लोण्यातून सुरी जावी तशी मागे आली. ते मिलिंग, त्या कडा, ते निळं पॉलिश! आमच्याकडे असा जॉब कुणी करून दाखवला असता तर मी त्याला दिवाळीला दोन महिन्यांचा पगार दिला असता. वजन पाऊण किलोच्या आत, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या. नळीत गोळी भरलेली असली की मागे, घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीच्या) वरच्या अंगाला, एक बारीक पिन बाहेर येते. अंधारातसुद्धा अंगठ्याने चाचपून कळतं. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हा विचार केला होता, याचं मला अजून नवल वाटतंय.

आता तुझा मुद्दा. तू म्हणतोस, ओतूरला मळ्यात एकटं घर, मोटारींच्या केबल चोरीला जातात, आणि उसात बिबट्या. यातला बिबट्या आधी बाहेर काढ. .३२ ची गोळी पाच ग्रॅमचीसुद्धा नसते रे. तेवढ्याने बिबट्या मरायचा नाही, चिडेल मात्र नक्की. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, वनखातं तुला सुखाने झोपू द्यायचं नाही. आणि केबलचोर? अंधारात पळणाऱ्या पोरावर तू गोळी झाडणार आहेस का, हे स्वतःला एकदा स्पष्ट विचार. तुला मी पहिलीपासून ओळखतो. तुझ्या हातून कोंबडी कापली जात नाही.

पण समजा, हे सगळं सोडून तुला ते हवंच आहे. हवंसं वाटतं, हे मी काल स्वतः अनुभवलंय, त्यामुळे हसत नाही. मग यंत्र म्हणून त्याच्याकडे बघू.

या पिस्तुलात स्लाइड आणि नळी एकमेकांत कुलूप लावल्यासारखी अडकत नाहीत. गोळी सुटताना स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच मागचा धक्का सावरला जातो. स्प्रिंग म्हातारी झाली की स्लाइड जास्त वेगाने मागे येऊन सांगाड्यावर आदळते आणि पुढेमागे तडा जातो. तसंच मॅगझिनचं. त्याचे वरचे ओठ जरा वाकले की गोळी तिरकी चढते आणि पिस्तूल अडकतं. नळीत टॉर्च मारून पाहिलं. आतले पीळदार आटे शाबूत आहेत, पण तोंडापासून बोटभर आत बारीक खड्डे दिसले. पूर्वीच्या काडतुसांच्या टोप्यांतला मसाला गंज चढवायचा. मारून झाल्यावर त्याच दिवशी नळी धुतली नाही की हे असं. मला त्याची फार चिंता नाही. काडतुसांचीही नाही, ती आपल्या खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ छापलेली, मिळतात.

चिंता पुढच्या गोष्टीची. दुकानदाराच्या परवानगीने, मॅगझिन काढून, स्लाइड ओढून, नळीत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली. दुकानदाराने केली, मग मी केली. मग खिशातली पेन्सिल नळीत सोडली, मागची बोथट बाजू आत. नळीचा व्यास साडेसात मिलिमीटरच्या वर, त्यामुळे साधी पेन्सिल आरामात सरकते. पिस्तूल आढ्याकडे धरून चाप ओढला. पेन्सिल टुणकन उडून बनातीवर पडली. म्हणजे काडतुसावर आपटणारी आतली पिन व्यवस्थित ठोकतेय.

आता खरी परीक्षा. या पिस्तुलाची खासियत अशी की घोडा चढलेला असताना सेफ्टीचा खटका खाली केला की घोडा आपोआप पडतो, पण आतला पोलादी दांडा मध्ये फिरून तो फटका अंगावर घेतो आणि पिनला लागू देत नाही. म्हणजे पेन्सिल हलताच कामा नये. दहा वेळा करून पाहिलं. सात वेळा ढिम्म. तीन वेळा पेन्सिल बोटाच्या पेराएवढी वर उडाली. म्हणजे नळीत गोळी असती तर नुसता खटका दाबूनही सुटू शकली असती.

दुकानदार भला माणूस. तोही गप्प झाला. आजोबा म्हणाले, "मी तर चाळीस वर्षं असाच खटका दाबतोय." मी मनात म्हटलं, देवाची कृपा.

दांडा झिजलाय की पिनची खाच, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. तू लगेच म्हणशील, मोहन, तुझ्या वर्कशॉपमध्ये करून टाक. नाही करणार. एक म्हणजे बंदूक-पिस्तुलाच्या दुरुस्तीलासुद्धा कायद्याने वेगळा परवाना लागतो, आणि माझ्याकडे लेथ आहे, परवाना नाही. दुसरं म्हणजे तो दांडा कुठल्या पोलादाचा, किती पाणी दिलेला, हे अंदाजाने ठरवून तुझ्या कमरेला लावायची माझी छाती नाही. मूळ सुटा भाग मिळवायचा तर परदेशी मालाची आयात सामान्य परवानेदाराला १९८० च्या दशकापासून बंदच झालीय. म्हणून तर आजोबा चार लाख मागताहेत. त्यातला निम्मा पैसा पोलादाचा आणि निम्मा त्या बंदीचा.

अप्पांचं आठवतंय? माझ्या अप्पांकडे इंग्लिश बनावटीचं .३२ होतं. १९८९ चा एक रविवार. अप्पा ओट्याजवळ पाटावर बसून ते साफ करायला घेत होते. त्यांनी आधी स्लाइड ओढली, गोळी टप्पकन बाहेर पडली, ती उचलून ठेवली आणि मग मॅगझिन काढलं. क्रम उलटा झाला. स्लाइड पुढे जाताना दुसरी गोळी आत घेऊन गेली होती. अप्पांच्या मते पिस्तूल रिकामं. कोपऱ्याकडे धरून चाप ओढला. आवाज असा झाला की समोरच्या वाड्यातले लोक गॅलरीत आले. गोळी ज्वारीच्या पिठाच्या डब्यातून आरपार भिंतीत. सगळीकडे पीठ, आणि त्या पिठात माझी आई उभी, हातात लाटणं. ती दोन मिनिटं आधी त्या डब्यापाशी होती. अप्पा स्वतः चौकीत सांगायला गेले आणि पुढे पिस्तूलही परत केलं. आईने तो डबा टाकला नाही. भोकांना एमसील लावून शेवटपर्यंत वापरला. अप्पा जेवायला बसले की ती तो मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवायची.

काल या वाल्थरचं मॅगझिन काढून चाप ओढला तेव्हा मला तेच आठवलं. यातही मॅगझिन काढल्यावर चाप चालतोच. आणि तुझ्या घरी सुट्टीत नातवंडं असतात.

कागदांचं थोडक्यात. तुझी वडिलांची बारा बोअरची बंदूक धरून हे दुसरं हत्यार होईल. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच ठेवता येतात, म्हणजे बसतं. आजोबांना विक्रीआधी ४५ दिवस लेखी कळवावं लागेल. तुझ्या परवान्यावर पिस्तुलाची नोंद कलेक्टर कचेरीतून. निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायच्या चकरा तुला बारा बोअरमुळे माहीतच आहेत, आता दोन पिशव्या घेऊन जाशील. सराव मळ्यात करायचा नाही, रेंजवर करायचा. ओतूरहून बालेवाडीच्या रेंजवर येणं वर्षातून किती वेळा होईल ते तूच सांग.

नवंच हवं असेल तर सरकारी कारखान्याचं अशनी नावाचं .३२ पिस्तूल आहे. वाल्थरसमोर ओबडधोबड दिसतं, मान्य. पण नवं आहे, आणि बिघडलं तर दाद मागायला बनवणारा इथेच आहे. तरी माझं विचारशील तर त्या चार लाखांत मळ्याला तारेचं कुंपण, चार सोलर दिवे आणि एक चांगलं कुत्रं बसवून वर पैसे उरतील. हे लिहितानाही, खरं सांगतो, ते निळं पॉलिश डोळ्यासमोर आहे.

आजोबांना मी "मित्र कळवेल" एवढंच सांगितलंय. खटक्याचं मात्र त्यांच्यासमोरच दुकानदाराकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं, म्हणजे तू नाही म्हणालास तरी पुढच्या गिऱ्हाइकाला ते दाखवलं जाईल. तुझं नक्की होईपर्यंत बयाणा देऊ नकोस. रविवारी येणार असशील तर दुपारी ये, दोघं मिळून पुन्हा जाऊ. पेन्सिल मी घेऊन येईन, खटका तू दाब.

येताना हुरडा आण. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन