मनू, उत्तर काढायचंच नाहीये

मनू,

तू पाठवलेले जीमॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेशपरीक्षेच्या, मॉकमधले डेटा सफिशियन्सीचे प्रश्न बघितले. तुझं गणित पक्कं आहे गं, त्याची मला काळजीच नाही, पण तू प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत सोडवत बसतेस आणि वेळ सगळा तिथे जातो. बोर्डाला रीत लिहिली की स्टेपचे मार्क मिळायचे, ती सवय आहे ही. इथे प्रश्नाखाली दोन विधानं देऊन एवढंच विचारतायत की दिलेली माहिती पुरते का. पुरते हे कळलं की थांब, उत्तर किती आलं ते कुणी विचारत नाही.

पाच पर्याय दरवेळी तेच असतात, पाठच करून टाक. पहिलं विधान एकटं बघ, मग ते झाकून दुसरं एकटं बघ, आणि एकेकटी पुरली नाहीत तरच दोन्ही एकत्र कर. तू दोन्ही एकदम वाचतेस म्हणून सारखी सी वर, म्हणजे 'दोन्ही मिळूनच पुरतात' वर, जाऊन बसतेस.

हे बघ, पेन 7 रुपयाला, वही 11 ला, तर पेन किती घेतले? पहिलं विधान, एकूण 40 रुपये झाले. दुसरं, एकूण 4 वस्तू घेतल्या. दोन अज्ञात म्हणजे दोन समीकरणं हवीतच असं डोक्यात बसलेलं असतं, म्हणून पटकन सी टिकलं जातं. पण अर्धा पेन कुणी विकत नाही ना, 40 ला 7 ने भाग जात नाही, 11 वजा करून 29 ला नाही, 18 ला नाही, 7 ला जातो. म्हणजे 1 पेन 3 वह्या, दुसरं काही शक्यच नाही, आणि नुसत्या 4 वस्तूंवरून काहीच कळत नाही. उत्तर ए, म्हणजे पहिलं एकटंच पुरतं.

आणि हो-नाहीच्या प्रश्नात ठाम 'नाही' आलं तरी माहिती पुरेशीच. एन सम आहे का, आणि विधान म्हणतंय एन ही 2 पेक्षा मोठी मूळ संख्या आहे, तर नाहीच, झालं काम. तू अशा ठिकाणी अपुरी म्हणून सोडलंयस.

आता हे प्रश्न परीक्षेच्या डेटा इनसाइट्स या विभागात असतात, 20 प्रश्न 45 मिनिटं, आणि टेबल-ग्राफवाले वेळ खाणारच, तेव्हा वाचवायचा तो इथेच.

एक देते. एक्स पूर्णांक आहे का? पहिलं, 2एक्स पूर्णांक आहे. दुसरं, 3एक्स पूर्णांक आहे. कॅल्क्युलेटरला हात लावू नकोस, अपूर्णांक घालून बघ आणि रात्री फोनवर सांग.

आई