टोचलेल्या आणि न टोचलेल्या सुयांबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या आमच्या ओपीडीत आपण दर गुरुवारी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावायला येता, फी घेत नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पिता. आभार मानायला एवढंही पुरेसं आहे. पण हे पत्र चारचौघांत वाचलं जावं असं वाटण्याचं कारण निराळं आहे. ज्या रुग्णांना आपण एकही सुई न लावता परत पाठवलंत, त्यांच्याबद्दलचे आभार आम्हाला आधी मानायचे आहेत.

‘अपघातानंतर डोकं दुखतं’ म्हणत आलेल्या माणसाला आपण लगेच टेबलावर झोपवत नाही. खुर्चीत बसवता, डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट मागता आणि दुखणं कधी वाढतं ते विचारता. सकाळी उठताना, खोकताना, वाकताना वाढतं आणि सोबत उलट्या होतात, तर कवटीच्या आत दाब वाढलेला असू शकतो. उलट, उठून बसलं की थोड्याच वेळात ठणका सुरू होतो आणि आडवं झालं की उतरतो, तर मेंदूभोवतीचं पाणी कुठून गळतंय का ते बघावं लागतं. नाकातून एकाच बाजूने पाण्यासारखं पातळ काही येत असेल, तर सर्दी समजून वाफारा घेत बसायचं नाही. आणि वयस्क माणूस न्हाणीघरात घसरला, टेंगूळ उतरलं, घरचे विसरून गेले, मग तीन-चार आठवड्यांनी डोकं जड, चाल अडखळती, बोलणं संथ झालं, तर कवटीखाली हळूहळू साठलेल्या रक्ताची शंका पहिली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ती आणखी पक्की. अशा कुणालाही आपण हात लावत नाही, त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे धाडता. सुईने त्याला दोन दिवस बरं वाटलं असतं आणि तेवढ्यासाठी सीटी लांबला असता, हे आपण आम्हाला पटवलंत. गुण येणं कधी कधी महागात पडतं, हे फिजिओथेरपीच्या आमच्या पुस्तकांत इतक्या स्वच्छ शब्दांत नव्हतं.

दुसरी चाळणी गोळ्यांची. मार लागल्यापासून किंवा शुद्धीवर आल्यापासून ७ दिवसांत सुरू झालेली डोकेदुखी त्या माराशी जोडली जाते, आणि ३ महिन्यांनंतरही टिकली तर तिला चिवट म्हणतात. पण तीन महिन्यांनंतरच्या डोकेदुखीत गोळ्यांचा स्वतःचा वाटा किती, हे सहसा कुणी मोजत नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, अथवा कॅफीन वगैरे मिसळलेली संयुक्त गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. रुग्ण ‘रोज घेत नाही हो’ असं मनापासून सांगतो, आणि बायको पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपा काढते. म्हणून आपण पहिल्या सुईच्या आधी किमान दोन आठवडे वही लिहायला लावता. तारीख, किती तास दुखलं, शून्य ते दहात किती, कोणती गोळी, रात्री झोप किती. सहावा रकाना नको, हा आपला आग्रह. रकाने वाढले की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते, हे आम्ही प्रयोग करून पाहिलं आणि गप्प बसलो.

आता टोचलेल्या सुयांविषयी.

कपाळ दुखत असताना मानेत सुई का, हे रुग्णाला सांगायची आपली पद्धत आम्ही उचलली आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेचे धागे मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तिथे मानेची तक्रार कपाळाच्या नावावर लिहिली जाते. गाडीवरून पडताना डोक्याबरोबर मानही झटकली गेलेली असते, पण टाके डोक्याला पडले म्हणून मानेकडे कुणाचं लक्ष जात नाही. कवटीच्या मागच्या कडेखाली अंगठ्याने दहा सेकंद दाबल्यावर ‘हेच, हेच ते डोळ्यामागचं दुखणं’ असं रुग्ण म्हणाला, तर मानेचा हिस्सा मोठा. अशांना सुईचा उपयोग होण्याची आशा जास्त, असं आपलं मत; आमच्या वह्याही साधारण तेच सांगतात.

त्या जागेला फेंगची म्हणतात, अ‍ॅक्युपंक्चरच्या खुणेच्या भाषेत जीबी २०. मानेच्या दोन मोठ्या स्नायूंच्या मधला खळगा. सुई ०.२५ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर लांब. ती कधीही वर, मेंदूच्या दिशेने जाता कामा नये. टोक नाकाच्या शेंड्याकडे, जरा खाली झुकलेलं, आणि खोली १५ ते २० मिलिमीटर. बारीक मानेच्या माणसात त्याहून कमी. आत मणक्याशेजारून जाणारी रोहिणी आणि मेंदूचा देठ आहे, तेव्हा ‘अजून थोडी’ हा मोह नाही. सुईभोवतीच्या नळीतून टिचकी मारली की कातडी पार होते, मग दोन बोटांत धरून सावकाश. हवा असलेला परिणाम म्हणजे जडपणा, बोथट ओढ, क्वचित कानामागे पसरणारी कळ. विजेसारखी चमक आली तर नस लागली. तिथल्या तिथे फिरवत न बसता सुई मागे घ्यायची. बाकी नेहमीच्या जागा साध्या: हातावर अंगठा-तर्जनीमधल्या फुगीर मांसात हेगू, पायाच्या अंगठ्याशेजारच्या खाचेत ताइचोंग, कानशिलावर ताइयांग. पहिल्या दिवशी चार ते सहा सुया, २० मिनिटं, बस. मार लागलेला मेंदू उजेड, आवाज, स्पर्श सगळ्यालाच जादा प्रतिसाद देतो. पहिल्याच बैठकीत पंधरा सुया लावल्या की दुसऱ्या दिवशी डोकं दुप्पट दुखतं आणि रुग्ण परत येत नाही. बाई गरोदर असेल तर हेगू वर्ज्य, हे आपण फाइलवर लिहूनच ठेवलंत.

आणि टोचू नये अशा जागा. इथे आम्ही खरोखर काही शिकलो.

सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचं हाड काढलेलं असतं, तिथे कातडीखाली थेट मेंदूचं आवरण. त्या बाजूला डोक्यावर सुई नाही, कडेपासून चांगलं अंतर राखूनच काय ते. एवढं कुणालाही सुचेल. पण आपल्याकडे ते काढलेलं हाड बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात, आणि झोप लागावी म्हणून पोटावर सुया लावणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. आपण सदरा वर करून पोट पाहता. शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडायची सोय, बसवलेला असेल तर त्याची नळी कानामागून, मानेच्या बाजूने, छातीवरून कातडीखालून पोटात उतरते. तेल लावलेल्या, वाढलेल्या केसांत ती दिसत नाही. बोटांनी चाचपली तर चहाच्या गाळणीच्या तारेएवढी कडक दोरी लागते. ती नळी फेंगचीच्या खळग्याच्या अगदी जवळून जाऊ शकते. सुईचं भोक पडलं किंवा जंतू शिरले तर पुन्हा ऑपरेशन. त्या बाजूची मान आपण पूर्ण सोडून देता, फक्त हातापायांवर काम करता.

खांद्याच्या माथ्यावरची जागा अनेकांची लाडकी, कारण तिथे दाबलं की बरं वाटतं. खाली फुप्फुसाचं टोक आहे. बारीक माणसात सरळ खाली गेलेली २५ मिलिमीटरची सुई तिथवर पोचू शकते, आणि धाप किंवा छातीतली कळ काही तासांनी, घरी गेल्यावरही सुरू होते. स्नायू चिमटीत उचलून आडवी सुई घालता येते. आपण तेही टाळता आणि तिथे नुसता अंगठा वापरता. फिट येऊन गेलेल्या रुग्णाला सुयांना विजेचा प्रवाह जोडायचा नाही, पेसमेकर असेल तरीही नाही, आणि फिटवाल्याला सुया लावून खोलीबाहेर जायचं नाही.

खोलीची गोष्ट लहान, पण परिणाम मोठा. ट्यूबलाइट बंद, खिडकीला पडदा, पंखा अंगावर नाही. अगरबत्ती नाही, औषधी वनस्पती जाळून द्यायचा शेकही नाही, कारण यांतल्या कितीतरी जणांना वासानेच डोकं चढतं. टेबलाच्या भोकात तोंड घालून पालथं झोपवलं की चेहऱ्यात रक्त उतरतं आणि कपाळ ठणकतं, म्हणून कुशीवर झोपवून गुडघ्यांत उशी. मार लागल्यावर कानातले तोल राखणारे खडे सुटलेले असू शकतात. कूस बदलताना खोली गरगर फिरली तर तो सुईचा दोष नव्हे, त्याची तपासणी आणि उपाय वेगळे. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग एक मिनिट बसून राहायचं.

सुया लावण्यापूर्वी ‘आज उपास आहे का?’ हा प्रश्न विचारायला आपण लावलात. संकष्टीच्या दिवशी घेरी येणारे हमखास सापडतात. चेहरा पांढरा, कपाळावर गार घाम, जांभया, मळमळ ही पूर्वसूचना. सगळ्या सुया काढायच्या, डोकं सपाट, पाय उशीवर उंच, आणि पूर्ण सावध झाल्यावरच गोड पाणी. पाच-दहा मिनिटांत माणूस ठीक होतो. झाला नाही तर डॉक्टरांना हाक मारायची, घेरीच असेल असं धरून चालायचं नाही. केसांना तेल नको, आदल्या दिवशी नहाणं झालेलं बरं. तेलावर स्पिरिट घसरतं आणि ओल्या स्पिरिटवर टोचलं तर चरचरतं, म्हणून ते वाळू द्यायचं.

डोक्यावर लावलेल्या सुया केसांत हरवतात. एक सुई घेऊन घरी गेलेला आणि उशीला डोकं टेकल्यावर ओरडलेला रुग्ण कुठेही असू शकतो. लावताना मोठ्याने मोजायच्या, फळ्यावर आकडा लिहायचा, काढताना दुसऱ्याने मोजायच्या. डोक्याची कातडी रक्ताळ असते, काढल्यावर कापसाने अर्धा मिनिट दाबायचं; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर दोन-तीन मिनिटं. कानशिलावर दाबायला विसरलं की दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली निळं. वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. एक पाकीट एका माणसाला. ‘त्याच रुग्णाची आहे, पुढच्या वेळी चालेल’ हे बोलणं आपण एकदाच ऐकून घेतलंत. सुया काढल्यावर पहिल्या दोन बैठकींत गुंगी येऊ शकते, तेव्हा स्कूटर चालवत घरी जायचं नाही.

एका बाबतीत आपण कधीच फुगवून बोलला नाहीत. अर्धशिशीवरचे प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने जो आढावा काढला, त्यात २२ चाचण्या आणि ४,९८५ रुग्ण होते, आणि अ‍ॅक्युपंक्चरने झटके कमी होतात असंच दिसलं. मात्र खोट्या जागी टोचलेल्या सुयांशी तुलना केली तर फरक छोटा होता. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ मध्ये तणावाच्या जुनाट डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत बैठका विचारात घ्याव्यात असं म्हटलं. डोक्याला मार लागल्यानंतरच्या दुखण्यावरचा पुरावा याहून बराच तुटपुंजा आहे, आपण तो या दोन्हींवरून उसना घेता आणि तसं रुग्णाला सांगताही. आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. सहाव्या बैठकीनंतर वही उघडायची. दुखण्याचे दिवस जवळपास निम्म्यावर आले असतील तर दहापर्यंत जायचं. वहीत काहीच हललं नसेल तर थांबायचं. ‘आणखी दहा करू’ आपण म्हणत नाही. न्यूरॉलॉजिस्टने दिलेली रोजची गोळी बंद करा, असंही आपण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जाता जाता एक. ओपीडीत अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं की कुणीतरी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतोच. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, १९५९ च्या सुमारास, कोलकात्यात. ही दुरुस्ती आपण दर वेळी न कंटाळता करता. तसंच, महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र अ‍ॅक्युपंक्चर कायदा आहे, म्हणून ‘सुया लावणाऱ्याकडे अ‍ॅक्युपंक्चर परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा’ हेही सांगता, आणि आपलं प्रमाणपत्र विचारण्याआधीच पुढे करता.

येत्या गुरुवारी तीन जण आहेत. दोघांच्या वह्या भरल्या आहेत, तिसऱ्याची कोरी आहे म्हणून त्याला पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. पहिल्या दोघांतल्या एकाला शंट आहे, उजवीकडे. फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहिलं आहे, आणि केस बाजूला करून आम्ही स्वतः चाचपूनही पाहिलं आहे.

आपल्या,
ओपीडीतल्या फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका