रिकाम्या हाताचीही बातमी व्हावी

महोदय,
दूरच्या आकाशगंगांत होणाऱ्या गॅमा किरण स्फोटांची (गॅमा हे सर्वाधिक ऊर्जेचे किरण) बातमी ‘प्रचंड स्फोट’ एवढ्यावरच संपते, याची खंत वाटते. हे स्फोट १९६७ मध्ये उपग्रहांनी प्रथम टिपले. त्यांतून येणारे अतिउच्च ऊर्जेचे किरण जमिनीवरील दुर्बिणींना निःसंशय सापडल्याचे जाहीर व्हायला मात्र २०१९ उजाडले. स्फोट केव्हा, कुठे होईल हे कुणालाच ठाऊक नसते आणि त्याचा मुख्य भर बहुधा काही सेकंदांतच ओसरतो. शिवाय दूरवरून येणाऱ्या या किरणांपैकी बरेचसे वाटेत आकाशगंगांच्या प्रकाशाशी टकरून नाहीसे होतात. १४ जानेवारी २०१९ रोजी स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील ‘मॅजिक’ दुर्बिणी उपग्रहाचा इशारा मिळताच सुमारे मिनिटभरात वळल्या, आणि दृश्य प्रकाशाच्या शेकडो अब्ज पट ऊर्जेचे गॅमा किरणांचे कण हाती आले!

त्याआधीच्या कित्येक निरीक्षणांत काहीच दिसले नव्हते. तरीही ‘किरण असलेच, तर याहून क्षीण’ अशी मर्यादा प्रत्येक वेळी नोंदली गेली आणि सिद्धांत त्यावर तपासले गेले. माझ्या मते हेच खरे विज्ञान. आपल्या विज्ञान पानावर अशा निष्फळ वाटणाऱ्या शोधांनाही जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक