मित्रास पत्र: कातळावरच्या कुंपणाला करवंद

चिपळूण,
२४ मे

प्रिय मित्रा,

तुझ्या जागेचे फोटो बघितले. दगडांचा गडगा छान रचलाय, पण जेमतेम कमरेएवढा. त्यावरून मोकाट गुरं आत येतात, हे तूही लिहिलंयस. वहिनींना ब्लूबेरीची रोपं हवी आहेत म्हणतोस. त्यांना माझ्यातर्फे सांग की ब्लूबेरीला चांगली आम्ल माती आणि मुळाशी कायमची ओल लागते. तुझी विहीर होळीनंतर तळ गाठते. टँकर मागवून ते झुडूप जगवायचं आणि मूठभर फळं काढायची, हे मला पटत नाही. गडग्याच्या आतल्या बाजूने करवंद लाव. कातळाच्या भेगेत उभं राहून, कुणी घोटभर पाणी न घालता वैशाखात काळ्या फळांनी लगडणारं दुसरं झुडूप मला तरी माहीत नाही.

पत्र आजच लिहिण्याचं कारण म्हणजे घाई आहे. करवंदाच्या बीची उगवणशक्ती फार लवकर जाते. पुढच्या वर्षी बघू म्हणून डबीत ठेवलेलं बी उगवत नाही. सध्या करवंदं भरात आहेत. एकदा पाऊस लागला की फळाची चव उतरते, अळ्याही पडतात. तेव्हा बी आत्ताच धर. बाजारात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडे चाखून बघ. ज्याची साल पातळ, गर भरपूर आणि गोडीच्या मागे आंबटाची धार आहे, तेच घे. कुठल्या डोंगरावरचं आहे तेही विचारून ठेव. गर चोळून धुवायचा, बी सावलीत कोरडं करायचं आणि लगेच पिशवीत टोचायचं. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. रोप सुरुवातीला अगदी संथ वाढतं, म्हणून हिरमुसू नकोस. वर्षभर पिशवीत सांभाळ आणि पुढच्या मृगात जमिनीत लाव. फळं तिसऱ्या वर्षापासून दिसायला लागतात.

बियांवरची सगळी झुडपं एकाच चवीची निघत नाहीत. कुंपणाला त्याने काही बिघडत नाही. उलट तुझ्या मुलींना कोंबडा की कोंबडी खेळता येईल! फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आपण ज्या ईर्ष्येने खेळायचो, तो खेळ त्यांना शिकवायलाच हवा. मात्र घराजवळ, खास खाण्यासाठी, दोन-तीन झुडपं जातिवंत असू देत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात आहे, तिच्या कलमांची चौकशी कर. रानातलं एखादं झुडूप फारच आवडलं तर पावसाळ्यात त्यावर गुटी बांधता येते, म्हणजे फांदीची साल काढून, तिथे ओलं शेवाळ बांधून झाडावरच मुळं फोडता येतात. नुसती फांदी तोडून खोचली तर सहसा मुळं धरत नाही.

कुंपणासाठी दोन-दोन फुटांवर लाव. खड्डा दीड फूट पुरे, पण तळाचा कातळ पहारीने फोडून घे, म्हणजे मुळांना खाली जायला वाट मिळते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी दे, पुढे लागणार नाही. लहानपणी शेंडे खुडत राहा, तरच झुडूप बुडापासून दाट होतं. शेंडे न खुडता वाढवलेल्या कुंपणाखालून शेळ्या आरामात आत येतात. मोठं झाल्यावरची छाटणी मात्र फळं संपल्या संपल्या, पावसाच्या तोंडावर करायची. करवंदाला फुलं फांदीच्या टोकाला येतात. थंडीत कात्री चालवलीस तर येणारा बहरच कापला जाईल. गड्याला हे नीट बजाव, कारण बाग साफ करायचा उत्साह सगळ्यांना नेमका पौषात येतो. आणि हातमोजे दे त्याला. काटे जोडीने असतात आणि चीक कपड्यांवरून निघत नाही.

फालसा, म्हणजे सरबताच्या आंबटगोड जांभळ्या फळांचं झुडूप, लावायची जागा असेल तर विहिरीजवळ, पाणी साचणार नाही अशी एखादी बघ. त्याचं करवंदाच्या अगदी उलट. फळ नव्या फुटव्यावर धरतं, म्हणून थंडीत पानं झडली की ते कमरेइतकं छाटायचं. फळं एकदम पिकत नाहीत, रोज थोडी थोडी वेचावी लागतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. म्हणूनच बाजारात क्वचित दिसतात. सरबत करायचं तर झाड दारात हवं.

काकूंना सांग, लोणच्याला हिरवी करवंदं घ्यायची आणि चीक जायला मिठाच्या पाण्यात ठेवायची. जेलीला मात्र लालसर, अर्धी पिकलेली काढायची. त्यांत जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं, बाहेरचं काही घालावं लागत नाही. वहिनींना बेरीचा जॅमच हवा असेल तर तो याचा होऊ दे. रंग बघून त्या ब्लूबेरीचं नाव काढणार नाहीत.

येत्या शनिवारी मी कुंभार्ली घाटाच्या बाजूला जाणार आहे. तिथली करवंदं मला तुमच्याकडच्यांपेक्षा जास्त आवडतात. तुझ्यासाठी बी धरून पिशव्या भरू का, तेवढं शुक्रवारपर्यंत कळव. गडग्याची लांबीही मोजून सांग, म्हणजे किती रोपं करायची ते ठरवता येईल. थोडी मरतात, तेव्हा जास्तीचीच करीन.

तुझा,
जुना शेजारी