प्रार्थनेच्या चिठ्ठीवर व्यसनाचे नाव

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात गेल्या काही दिवसांत व्यसनाधीनतेवर जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांपैकी एका पत्रात असे म्हटले होते की धर्म व्यसनाला पाप ठरवून मोकळा होतो आणि पुढचा सगळा भार डॉक्टरांवर व घरच्यांवर टाकतो. मी ख्रिस्ती आहे, प्रोटेस्टंट मंडळीतला आहे आणि माझा धाकटा भाऊ नऊ वर्षे व्यसनात होता. त्या वाचकाचे म्हणणे मला झोंबले, कारण ते बरेचसे खरे आहे. मात्र ज्या शास्त्राचे नाव घेऊन आम्ही असे वागत आलो, ते शास्त्र तसे सांगत नाही, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

नशेविरुद्ध उपदेश करताना आमच्याकडे बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार हमखास घेतला जातो. पौल प्रेषिताने तेथे देहाच्या कर्मांची जी यादी दिली आहे, तीत 'फार्माकेया' हा ग्रीक शब्द येतो, आणि 'फार्मसी' हा शब्द त्याच मुळापासून आलेला असल्यामुळे अमली पदार्थांचा उल्लेख बायबलात नाव घेऊन केलेला आहे, असे काही उपदेशक ठासून सांगतात. त्या शब्दाचा रोख जादूटोण्याकडे आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मुळ्या-काढ्यांकडे आहे, आणि म्हणूनच भाषांतरकारांनी तेथे चेटूक या अर्थाचा शब्द योजला आहे. शिवाय त्याच यादीत मत्सर, राग आणि तट पाडणे हेही आहे. त्या शब्दांवर एवढा जोर दिलेला मी तरी फारसा ऐकलेला नाही.

व्यसनाविषयी पौलाचे खरे मर्म दुसरीकडे आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो की सर्व गोष्टींची मला मोकळीक असली तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही. आपण मराठीत 'व्यसनाधीन' म्हणतो, त्यातला 'अधीन' हाच आहे. ख्रिस्ती दृष्टीने नशेतला दोष पदार्थापाशी सुरू होत नाही, तर जी जागा देवाची ती पदार्थाने बळकावली, येथे सुरू होतो. आणि रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात हाच पौल स्वतःविषयी कबूल करतो की जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको असते तेच मी करत राहतो. माझ्या भावाने हा अध्याय पहिल्यांदा लक्ष देऊन वाचला तेव्हा त्याने मला विचारले होते, "दादा, हा माणूसही आपल्यातलाच होता का रे?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

सवय गळ्याशी कशी येते, हे चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात फार नेमके सांगितले आहे. वाकड्या इच्छेतून वासना जन्मते, वासनेची चाकरी करता करता सवय जडते आणि सवयीला विरोध झाला नाही की तिची गरज होऊन बसते, असा तो क्रम आहे. त्याच ग्रंथात ते आपल्या आईची, संत मोनिका यांची, लहानपणची हकिगत सांगतात. घरच्यांनी पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवले की ती मुलगी आधी ओठ ओले होतील एवढाच घोट घेई. रोज थोडे थोडे वाढत गेले आणि अखेर ती जवळजवळ भरलेले पेले रिचवू लागली. एके दिवशी भांडणात घरातल्या दासीने तिला दारूडी म्हणून हिणवले, तो शब्द तिच्या जिव्हारी लागला आणि तिने पिणे सोडले. मोनिका यांना तेवढे पुरले. मात्र आम्ही ही कथा वाचून असे समजून बसतो की टोचून बोलले की माणूस सुधारतो. माझ्या भावाला आम्ही घरच्यांनी नऊ वर्षे टोचून बोललो, आणि प्रत्येक बोलण्यानंतर तो अधिक लपून नशा करू लागला, एवढेच त्याचे फळ मिळाले.

या संदर्भात मला चीनमधले मार्क जी तिएनशियांग फार जवळचे वाटतात, जरी ते कॅथलिक होते आणि मी नाही. एकोणिसाव्या शतकातले हे वैद्य गरिबांवर विनामूल्य उपचार करत. पोटाच्या असह्य दुखण्यावर त्यांनी अफू घेतली आणि दुखणे गेले तरी अफू सुटली नाही. ते वारंवार पापनिवेदनाला जात आणि पुन्हा तीच कबुली देत. शेवटी धर्मगुरूंना वाटले की यांचा पश्चात्ताप खरा नाही, आणि व्यसन सुटेपर्यंत त्यांना क्षमाविधी व ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर, नाकारण्यात आला. व्यसन सुटले नाही. सुमारे 30 वर्षे हा माणूस प्रसादाविना राहिला, तरीही त्याने देवळात जाणे सोडले नाही. परकीयांविरुद्ध आणि ख्रिस्ती लोकांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावात 1900 साली त्यांना कुटुंबासह पकडण्यात आले आणि श्रद्धा सोडण्यास नकार दिल्यावर ठार मारण्यात आले. आपल्या घरच्यांपैकी कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून मला सर्वांत शेवटी मारा, अशी विनंती त्यांनी केल्याचे सांगितले जाते. 1 ऑक्टोबर 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चीनमधल्या 120 हुतात्म्यांना संत घोषित केले, त्यांत त्यांचाही समावेश आहे. ते व्यसनमुक्त होऊन संत झाले नाहीत. ज्यांनी त्यांना दारापाशी थांबवले ते धर्मगुरू दुष्ट होते असे मी म्हणत नाही. व्यसन हा आजारही असतो हे त्या काळी त्यांना कोणी समजावलेले नव्हते. आम्हाला मात्र ते समजावलेले आहे.

आणि तरीही माझ्या भावाला आमच्या मंडळीतल्या जबाबदार माणसांनी, गोड शब्दांत का होईना, प्रभुभोजनासाठी पुढे न येण्यास सांगितले. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी, या वचनाचा आधार त्यांनी घेतला होता. वचन स्वतःच्या परीक्षेविषयी बोलते, शेजाऱ्याच्या नव्हे, हे म्हणण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. भाऊ शेवटच्या बाकावर दाराजवळ बसे. भाकरीचे ताट त्या बाकापर्यंत आले की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरी आणि शेजारच्याने ताट पुढे नेईपर्यंत मान वर करत नसे.

पाठीच्या दुखापतीसाठी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून त्याची सुरुवात झाली होती आणि पुढे तो गर्दपर्यंत, म्हणजे ब्राउन शुगरपर्यंत, पोहोचला. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांनी त्याला ब्युप्रेनॉर्फिन दिले. गर्द मेंदूत जिथे जाऊन बसते त्याच जागी हे औषध बसते, त्यामुळे ज्याला व्यसनी 'टर्की' म्हणतात ती अंगाची तडफड आणि नशेची ओढ आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली मेथाडोनबरोबर हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. पुढे एका प्रार्थना शिबिरात त्याला सांगण्यात आले की गोळी घेणे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे आणि विश्वास असेल तर गोळीची गरज नाही. त्याने सगळ्यांसमोर गोळ्यांच्या पट्ट्या टाकून दिल्या, लोकांनी हालेलूया म्हटले आणि मीही म्हटले. तीन आठवड्यांनी तो घसरला आणि त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते आणि जी मात्रा एके काळी पचत होती तीच जीव घेऊ शकते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. न्हाणीघराचे दार तोडले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. रुग्णालयात वेळेवर नॅलोक्सोनचे, म्हणजे अशा नशेचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन मिळाले म्हणून तो आज आहे.

म्हणून पाळकांना आणि शिबिरे भरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रार्थना अवश्य करा, पण औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नका. दारूच्या बाबतीतही हेच सांगावेसे वाटते, कारण वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊन, भ्रम होऊन तो दगावूही शकतो. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे वाक्य प्रभू येशूचे आहे. त्यात वैद्याचा अपमान कोठे आहे?

पाप की आजार, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. मला तो अपुरा वाटतो. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ उपचाराखेरीज अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध मानतो, आणि सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हेही तोच ग्रंथ सांगतो. दोन्ही एकत्र धरता येते. माझ्या भावाने आईच्या पाटल्या विकल्या, खोटे बोलला, माझ्यावर हात उगारला. हे सारे मेंदूच्या रसायनांवर ढकलून द्यावे असे त्याचे स्वतःचेच म्हणणे नाही; त्याला क्षमा हवी आहे, आणि जिथे अपराधच नाही तिथे क्षमा कसली मागायची? पण क्षमा मागायला त्याने आधी जिवंत राहायला हवे, शुद्धीवर असायला हवे, आणि त्यासाठी डॉक्टर हवा.

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेची वाटचालही हेच सांगते. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून ती सुरू झाली आणि तिच्या बारा पायऱ्यांमागे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतले कबुलीचे आणि भरपाईचे शिक्षण आहे. त्या काळी दारूड्यांना रुग्णालयात खाट मिळणे कठीण होते. अॅक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांना दाखल करून घेण्याचे काम पाहणाऱ्या सिस्टर इग्नेशिया या कॅथलिक जोगिणीने 1939 साली डॉ. स्मिथ यांच्या रुग्णाला खाट दिली, आणि नोंदीत निदान काय लिहिले, तर जठराचा दाह. खरे कारण लिहिले असते तर खाट मिळाली नसती. पुढे हजारो व्यसनी तिच्या हाताखालून गेले आणि खोट्या निदानाचे कारण उरले नाही.

ही नोंद वाचली तेव्हा मला माझ्या आईची आठवण झाली. आमच्या उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, त्यासाठी नावे चिठ्ठीवर लिहून द्यायची असतात. कर्करोग, हृदयविकार, मोडलेले हाड, सगळे मोठ्याने वाचले जाते. माझी आई नऊ वर्षे भावाचे नाव लिहीत आली आणि त्यापुढे दर वेळी "पोटाचे दुखणे" असे लिहीत आली. मंडळीतल्या बहुतेकांना खरे काय ते ठाऊक होते, आणि त्या दुखण्यासाठी सर्वांनी दर रविवारी आमेन म्हटले.

गेल्या महिन्यात तिने चिठ्ठीवर "गर्दचे व्यसन, उपचार चालू आहेत, गोळ्या नियमित घेतो" असे लिहून दिले. पाळक क्षणभर थांबले आणि मग त्यांनी ते जसेच्या तसे वाचले. भाऊ नेहमीच्याच बाकावर होता. उपासना संपल्यावर दोन बाया आईजवळ आल्या. एकीने तिचा हात धरला. दुसरीने आपल्या मुलाचे नाव सांगितले आणि पुढच्या रविवारची चिठ्ठी तूच लिहून दे, माझा हात थरथरतो, असे म्हणाली.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक