अवीस, मुक्ताच्या शाळेवरून

सांगली, गुरुवार रात्र

प्रिय अवी,

आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात.

सोमवारी मुक्ताला शाळेत आकडी आली. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर लोक गप्प होतात किंवा कुठल्यातरी महाराजांचा पत्ता देतात. तुझ्या घरात आकड्या येणारा नंदू वाढला, म्हणून तुला लिहितोय.

मधली सुट्टी होती. बाईंनी कांदा हुंगवला, कुणी चप्पल आणली. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा दप्तराच्या पुढच्या कप्प्यात होता, वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: पाच मिनिटांत थांबली नाही तर द्या. दिला नाही. म्हणे, पालक आल्याशिवाय औषध देत नाही! मी दुकान तसंच टाकून पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. फवारा मी मारला, पण आकडी थांबेना. मिरजेला नेऊन शिरेतून औषध दिलं तेव्हा कुठे पोर शांत झाली. काल धाकट्याशी रिमोटवरून भांडत होती, म्हणजे बरी आहे.

पण मला झोप नाही रे. गेल्या दिवाळीत घरी आकडी आली होती तेव्हा हाच फवारा लगेच मारला आणि बघता बघता अंग सैल पडलं. औषध तेच, मुलगी तीच, फरक फक्त वेळेचा.

फार्माकॉलॉजीत तू माझ्या पुढे. (तरी तोंडी परीक्षेत गाबाच्या, म्हणजे मेंदूला आवरणाऱ्या रसायनाच्या, वाटेनं पेशीत सोडियम घुसवून आलास, ते मी तुझ्या नातवंडांनाही सांगणार.) क्लोराइड, अवी, क्लोराइड! गाबा समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला धरायच्या जागेला, चिकटतो, वाट उघडते, क्लोराइड आत जातो आणि भडकलेली पेशी आवरली जाते. मिडाझोलम ती वाट स्वतः उघडत नाही, गाबा हजर असताना ती जास्त वेळा उघडायला लावतं. एवढं आपण पाठ केलं होतं. पुढचं मी आता वाचलं. आकडी लांबली की पेशी पृष्ठभागावरचे हे रिसेप्टर आत ओढून घेऊ लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलंय. उलट ग्लुटामेटचे, म्हणजे भडकवणारे रिसेप्टर वर येतात. त्यात पेशी सतत पेटलेली राहिल्यानं आत क्लोराइड साचतो, म्हणून उरलेल्या गाबाचाही जोर ओसरतो. बाई कांदा शोधत होत्या तेव्हा माझ्या पोरीच्या मेंदूत औषधाला धरायची जागाच कमी होत चालली होती. हे डोक्यातून जात नाही.

तिच्या तान्हेपणी ते अंग मुडपून यायचे झटके आठवतात? तेव्हा व्हिगाबॅट्रिन होतं. काम झालेला गाबा पेशी तसाच पडू देत नाहीत. सोडणारी पेशी आणि शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी तो परत ओढून घेतात आणि आत एक एन्झाइम त्याची विल्हेवाट लावतं. व्हिगाबॅट्रिन त्या एन्झाइमलाच निकामी करतं, म्हणून गाबा जास्त उरतो. तेव्हा मी नजरेला अपाय होईल या धास्तीनं तिचे डोळे तपासत राहायचो. आता शाळेच्या धास्तीत आहे.

शाळा म्हणते, जबाबदारी आमची नाही असं लिहून द्या, नाहीतर सहामाहीपर्यंत घरी ठेवा. घरी का ठेवायची? तिला गणित येतं, मैत्रिणी आहेत. आणि आईचं वेगळंच: पोर पेंगते, ती गोळी बंद कर. क्लोबाझम एकदम तोडलं तर आकडी उसळून येते हे तिला रोज नव्यानं समजावतो.

हरिपूरला संगमावर आपण भांडलो होतो ते तू विसरला नसशील. नंदूला अंगारा नको, डॉक्टर दाखवा, असं मी काकूंना म्हणालो आणि तू म्हणालास, आमच्या घरचं आम्ही बघू. अख्खं सत्र अबोला. माझं म्हणणं बरोबरच होतं आणि आजही तेच आहे. पण काकू का घाबरायच्या, ते सोमवारपासून मला कळतंय.

शनिवारी शिक्षकांची बैठक आहे. मला बोलावलंय. मी पडलो बाप, वर मेडिकलवाला. मी औषधाबद्दल काहीही सांगितलं तरी त्यांना ते धंद्याचं वाटेल. नंदू स्वतः शिक्षक आहे, गोळ्या घेऊन वर्गावर उभा राहतो. त्यानं दाखवावं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली की फवारा. त्याचं ते ऐकतील.

बद्दीत थंडी सुरू झाली असेल. वहिनींची बदली झाली का? चिन्मयची बारावी यंदाच ना, त्याला भडंग पाठवतो.

मी विचारलं तर नंदू भिडेपोटी हो म्हणेल, म्हणून तूच विचार. त्याला चारचौघांत हे बोलायचं नसेल तर आग्रह करू नकोस, मी एकटा जाईन. उद्या रात्रीपर्यंत कळव.

तुझा,
सुभ्या