दोन जागा कमी पडल्या, पण त्यांचे पैसे वेळेवर गेले: ग्रीसच्या राष्ट्राध्यक्षांना खुले पत्र

अथेन्स, २० मे २०१२

प्रति,
मा. राष्ट्राध्यक्ष,
ग्रीस प्रजासत्ताक

माननीय महोदय,
स. न. वि. वि.

मी सतरा वर्षं अथेन्समध्ये राहते. इथली सून आहे, इथली नागरिक आहे आणि ६ मेच्या संसदेच्या निवडणुकीत रांगेत उभी राहून मतही दिलं आहे. मग पत्र मराठीत का, असं तुम्हाला वाटेल. ग्रीकमध्ये तीन पत्रं लिहून झाली, एकाचीही पोच आली नाही. मराठीत लिहिलं तर 'कळलं नाही' हे कारण निदान खरं तरी असेल.

तुमच्याविषयी आदर आहे, हे आधीच सांगते. फेब्रुवारीत तुम्ही स्वतःचा पगार सोडलात. गेल्या आठवड्यात एकेका पक्षनेत्याला बोलावून, मिळून सरकार बनवा अशी समजूत घालताना तुमची दमछाक टीव्हीवर दिसत होती. म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. विषय एकच आहे, माझ्या सासऱ्यांचे सरकारी रोखे.

बाबांनी ३४ वर्षं या शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यावर एकरकमी पैसे मिळाले. त्याला इथे 'एफापाक्स' म्हणतात. ते त्यांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवले होते. बँकेतल्या माणसाने सांगितलं, सरकारी रोख्यांत टाका, सरकार कधी बुडतं का? ६० हजार युरो टाकले. जुगार म्हणून नाही. दोन पैसे जास्त व्याज मिळेल आणि कधी दवाखान्याची वेळ आली तर मुलापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढाच हिशोब होता.

मार्चमध्ये देशाचं कर्ज कमी करायला जुन्या रोख्यांची नव्यांशी अदलाबदल झाली. नाव होतं 'स्वेच्छेने'. बाबांनी कुठेही सही केली नाही, कारण सही लागलीच नाही. फेब्रुवारीत संसदेने कायदा केला की बहुसंख्य रोखेधारक हो म्हणाले की उरलेल्यांचंही हो धरायचं, तेही मागच्या तारखेच्या रोख्यांना लावून. बहुसंख्य म्हणजे कोण? बँका. हजार युरोच्या रोख्यामागे ३१५ चे नवे रोखे आणि मिळून १५० च्या दोन छोट्या मुदतीच्या नोटा, बाकीचे ५३५ गेले. बाबांचे ३२,१०० गेले.

तो कागद मी तुम्हाला दाखवायला हवा होता. नव्या रोख्यांचे १८,९०० वीस ओळींत वाटले आहेत, वीस वेगवेगळे रोखे. पहिला फिटणार २०२३ मध्ये, शेवटचा २०४२ मध्ये. बाबा आज ७६ वर्षांचे आहेत. भिंग घेऊन त्यांनी प्रत्येक सालापुढे पेन्सिलीने स्वतःचं वय लिहायला घेतलं: ८७, ८८, ८९, ९०, ९१. तिथे थांबले. कागद घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले, कॉफी ठेव. आज विकायला गेलं तर त्या १८,९०० चे चौथा हिस्साही हाती येत नाहीत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना माहीत असेलच.

इथवर आम्ही गिळलं होतं. देशच बुडतोय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आमची आम्हीच समजूत घातली. निवडणुकीआधी आमच्या चौकात मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराने बाबांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की छोट्या रोखेधारकांचा वेगळा विचार होणार, निवडणूक होऊ द्या फक्त.

निवडणूक झाली. आणि मंगळवारी, १५ तारखेला, तुमच्या राजवाड्यात शेवटची बैठक फिसकटली त्याच दिवशी, कळलं की आडात पाणी आहे. ज्यांनी अदलाबदल नाकारली होती, त्यांचा एक रोखा त्या दिवशी फिटत होता. ४३ कोटी ५० लाख युरो. सेंटही न कापता चुकते केले! त्यातला बहुतेक पैसा केमन बेटांवरच्या एका फंडाकडे गेला, असं वर्तमानपत्रांत आलं आहे. त्यांचा रोखा परदेशी कायद्याखालचा, म्हणून त्याला हात लावता आला नाही. बाबांचा ग्रीक कायद्याखालचा, म्हणून एका रात्रीत कायदाच बदलला. म्हणजे आपल्या देशाच्या कायद्यावर विसंबला तो फसला. हे वाक्य मी ग्रीकमध्येही लिहून पाहिलं, तिथेही तितकंच वाईट वाटतं.

बाबांसारखे छोटे रोखेधारक पंधरा हजारांच्या आसपास आहेत म्हणतात. विजेच्या बिलाच्या मागे मी भागाकार केला, ४३ कोटी ५० लाख भागिले पंधरा हजार. माणशी २९ हजार. बाबांचे गेले ३२ हजार. कुणाचे दोन हजार गेले असतील, कुणाचे दोन लाख, माझा हिशोब ढोबळ आहे. चुकला असेल तर तुमच्या अर्थखात्याने दुरुस्त करून पाठवावा, तेवढ्या निमित्ताने उत्तर तरी येईल.

पैसे का दिले, तर सध्या सरकारच नाही, अशा वेळी देणी थकवण्याचा धोका कोण घेणार? आणि आम्ही खिडकीशी गेलो तर खिडकीतली बाई काय म्हणते? सरकारच नाही, निर्णय कोण घेणार! कारण एकच आहे, महोदय. त्यांना त्याच कारणाने पैसे मिळतात आणि आम्हाला त्याच कारणाने परत पाठवतात.

सरकार का नाही, तेही बघू. 'नवी लोकशाही' पक्षाला १०८ जागा, पासोक पक्षाला ४१. बेरीज १४९. तीनशेच्या संसदेत हव्या १५१. दोन जागांसाठी देश अडला. त्या १०८ मध्येही ५० पहिल्या आलेल्या पक्षाला बक्षीस म्हणून मिळतात. १८.८५ टक्के मतांना १०८ जागा, दुसऱ्या आलेल्या सिरिझा पक्षाच्या १६.७८ टक्क्यांना ५२. आणि तीन टक्क्यांची अट न गाठलेल्या पक्षांना गेलेली मतं जवळजवळ १९ टक्के, म्हणजे पहिल्या पक्षापेक्षा जास्त. ती सरळ कचऱ्यात. माझं मत त्यातच आहे, म्हणून जास्त झोंबतं.

मग नऊ दिवस तमाशा. 'नवी लोकशाही'च्या सामारास यांनी सरकार बनवायचा आदेश घेतला आणि संध्याकाळच्या आत परत केला. सिरिझाच्या सिप्रास यांना साम्यवादी भेटायलाच तयार नाहीत. पासोकच्या व्हेनिझेलोस यांनी छोट्या डाव्या पक्षाच्या कुव्हेलिस यांना गाठलं, कुव्हेलिस म्हणाले सिरिझा असेल तरच येतो, सिरिझा म्हणाली मेमोरँडम, म्हणजे कर्जाच्या बदल्यातला काटकसरीचा करार, फाडा तरच येते. तुझ्या गळा माझ्या गळा नाही, तुझं कारण माझं कारण. आणि या नऊ दिवसांत लोक काय करत होते? तुम्हीच नेत्यांना सांगितलंत, सोमवारी एका दिवसात बँकांतून ७० कोटी युरोच्या घरात रक्कम निघाली. ते निवेदन जाहीर झाल्यावर मंगळवारी रांगा आणखी वाढल्या नसतील, असं मानायला मी तयार आहे.

१७ तारखेला तीनशे जणांनी शपथ घेतली. १९ ला संसद विसर्जित. एवढ्यासाठी शपथ! आणि त्या तीनशेत एका अतिउजव्या पक्षाचे एकवीस जण असे बसले होते, ज्यांच्या कार्यकर्त्यांना माझ्यासारखा सावळा चेहरा रस्त्यावर नको आहे. गेल्या आठवड्यात ट्रॉलीबसमध्ये एकाने मला विचारलं, परत कधी जाणार? मी म्हटलं, शेवटच्या थांब्यावर. बस हसली, पण घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

हे मी का सांगते आहे? विषय रोख्यांचा होता. पण एक धागा ओढला की सगळी वीण उसवते. पुतण्या २३ वर्षांचा. किमान वेतन ७५१ वरून ५८६ वर आणलं, पंचविशीच्या आतल्यांना ५११. तेही नोकरी असेल तर. त्याच्या वयाची निम्मी पोरं घरी बसली आहेत. घरपट्टीसारखा नवा कर विजेच्या बिलात घुसवला. लोक त्याला 'हरात्सी' म्हणतात. आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकात जो 'खराज' होता, तोच हा शब्द. ग्रीकांकडून तो तुर्कांचा सुलतान वसूल करायचा. आता स्वतःचंच सरकार करतं, हाच काय तो स्वातंत्र्याचा फायदा.

४ एप्रिलला सिन्तग्मा चौकात ७७ वर्षांच्या एका निवृत्त औषधविक्रेत्याने स्वतःला संपवलं. त्या चौकातून बाबांनी आयुष्यभर बस नेली. त्या दिवसापासून ते फिरायला निघाले की मी काहीतरी काम काढून बरोबर जाते. त्यांच्या ते लक्षात आलं आहे. दोघंही बोलत नाही.

आणि परवा, १८ तारखेला, बर्लिनहून जर्मनीच्या चॅन्सलरांचा तुम्हाला फोन आला. निवडणुकीबरोबर युरोवर सार्वमतही घ्या, असं सुचवल्याचं आपल्या सरकारने सांगितलं, आणि बर्लिनने ते नाकारलं. खरं कोण बोलतं, देव जाणे. पण गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी तेव्हाचे पंतप्रधान पापान्द्रेऊ यांनी सार्वमताचं नुसतं नाव काढलं तर युरोपभर आकांत झाला, आणि काही दिवसांत त्यांची खुर्ची गेली. म्हणजे आम्हाला विचारायचं की नाही, हेही तिकडूनच ठरणार. मग १७ जूनला पुन्हा मत कशासाठी? पुन्हा १४९ आले तर पुन्हा विचारणार का, १५१ येईपर्यंत?

सुरुवातीला मागणी लिहायची राहून गेली. हातात एकच रोखेखातं असलेल्या, बँक नसलेल्या, फंड नसलेल्या माणसांचा वेगळा विचार व्हावा. आणि ते जमणार नसेल तर तसं कागदावर लिहून द्यावं. हंगामी पंतप्रधान पिक्रामेनोस न्यायाधीश आहेत, त्यांना लेखी उत्तराचं महत्त्व सांगायला नको.

बाबांनी विचारलं, काय लिहिलंस एवढं? मी ओळीओळीने ग्रीकमध्ये सांगत गेले. मध्ये कुठे काही बोलले नाहीत. शेवटी सहीच्या वर आमच्याकडे 'आपली विश्वासू' लिहितात, तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितला. म्हणाले, कोणाचा विश्वास, कोणावर?

म्हणून ते दोन शब्द खोडले आहेत.

एका रोखेधारकाची सून